पोस्ट गायब झाली, साइट उघडेना: मुंबईत राहून इंटरनेट सेन्सॉरशिपविरुद्ध कसं लढायचं

तुमची पोस्ट, व्हिडिओ, पेज किंवा अख्खी साइट भारतात दिसेनाशी झाली असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आपलं स्वतःचं काही गेलेलं नाही, पण हे थांबलं पाहिजे असं मनापासून वाटतं, अशांसाठीही आहे.

मी या कामात आले ती आमच्या वस्तीच्या पुनर्विकासाबद्दल लिहिणाऱ्या एका पेजवरचा मजकूर उडाला म्हणून. कंपनीच्या ईमेलमध्ये 'स्थानिक कायदा' एवढे दोनच शब्द. पोलीस ठाण्यात विचारलं तर 'आमच्याकडून काही गेलेलं नाही'. त्यानंतर इतरांची प्रकरणं हाताळताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. सेन्सॉरशिप तोंडी आणि निनावी असते तोवर तिच्याशी लढता येत नाही. ती कागदावर आली की तिला उत्तर देता येतं, अपील करता येतं, कोर्टात नेता येतं. म्हणून खालची प्रत्येक पायरी तीन प्रश्नांची लेखी उत्तरं मिळवण्यासाठी आहे: कोणी सांगितलं, कोणत्या कलमाखाली, काय कारण देऊन?

## १. नेमकं काय झालंय ते आधी ओळखा

'सरकारने बंदी घातली' असं जाहीर करण्याआधी थांबा. मजकूर जाण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचं दार वेगळं आहे.

- कंपनीने स्वतःच्या नियमांखाली काढला. मजकूर जगभर कुठेच दिसत नाही, आणि सूचनेत कंपनीच्या धोरणाचा उल्लेख असतो.
- सरकारी किंवा कोर्टाच्या आदेशावरून भारतापुरता लपवला. परदेशातल्या नातेवाइकाला लिंक पाठवा. तिथे उघडते आणि इथे नाही, तर बहुधा हेच आहे. एक्सवर तर कायदेशीर मागणीमुळे भारतात रोखल्याची पाटीच दिसते.
- इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने साइट अडवली. एका मोबाइल नेटवर्कवर उघडते, घरच्या वायफायवर नाही, असंही होतं, कारण सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने साइट अडवत नाहीत. ऊनी प्रोब हे मोफत ॲप वेगवेगळ्या नेटवर्कवर चालवून पाहा. साइट कशी अडवली आहे याचा तांत्रिक अहवाल ते देतं.
- कॉपीराइटची तक्रार झाली. टीकात्मक व्हिडिओ पाडण्यासाठी हा रस्ता सर्रास वापरला जातो.
- पोलिसांनी फोन करून तुम्हालाच काढायला लावला. याची कुठे नोंदच होत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याच प्रकाराची वाटते.

कॉपीराइटचं इथेच उरकते. टीका, परीक्षण आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी उतारा किंवा दृश्य वापरायची मोकळीक कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. तिचा आधार घेऊन प्रतिदावा करा. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५ सांगतो की तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही, तर कंपनी मजकूर परत खुला करू शकते. ही तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा.

## २. पुरावा त्याच दिवशी जमवा

स्क्रीनशॉट काढताना पूर्ण लिंक, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मूळ फाइल तशीच ठेवा. कापू नका, लाल गोल काढू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यातली मूळ माहिती निघून जाते, म्हणून ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर द्या. कंपनीचा ईमेल फॉरवर्ड करून मूळ डिलीट करायची सवय असेल तर ती आजच सोडा.

कोर्टात डिजिटल पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. जुने वकील अजून '६५ ब' म्हणतात, तेच हे. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. ती पहिल्याच दिवशी काढून ठेवली तर पुढे कोणी 'तुम्ही फेरफार केला' म्हणू शकत नाही.

मजकूर उडायच्या आधीच करायचं काम म्हणजे महत्त्वाची पानं इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करणं. महिन्यातून एकदा बसून करा.

फाइलमध्ये हे असू द्या:

- मूळ मजकुराची प्रत आणि लिंक
- मजकूर ज्यावर आधारलेला आहे ते कागद: इतिवृत्त, टेंडर, बातमीचं कात्रण
- कंपनीची सूचना, तुमची तक्रार आणि तिचा क्रमांक
- परदेशातून आणि वेगवेगळ्या नेटवर्कवरून पाहिल्याच्या नोंदी
- पोलिसांचा किंवा कार्यालयाचा फोन आला असल्यास तारीख, वेळ, नाव, हुद्दा, काय बोलणं झालं
- ओळखपत्राची प्रत. पेज गटाचं असेल तर ते कोण चालवतं याचं साधं सहीचं पत्र

## ३. एवढा कायदा पाठ हवा

संविधानाचं कलम १९(१)(क) अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. १९(२) त्यावर कोणत्या कारणांसाठी बंधन घालता येतं ते सांगतं: देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपते. 'अधिकाऱ्याला वाईट वाटलं' किंवा 'शहराची प्रतिमा खराब होते' हे त्यात नाही. समोरचा कुठलंही कारण सांगो, ते यातल्या कोणत्या शब्दात बसतं ते विचारा.

साइट किंवा पोस्ट रोखण्याचा केंद्र सरकारचा अधिकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ मधून येतो. त्याचे नियम २००९ चे आहेत. नेहमीच्या प्रकरणात नोटीस देऊन उत्तरासाठी किमान ४८ तास द्यावे लागतात. तातडीच्या प्रकरणात आधी रोखून नंतर सरकारी अधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाता येतं, आणि ही तातडी फार सढळपणे वापरली जाते. नियम १६ मध्ये गोपनीयतेची तरतूद आहे. तिच्याकडे बोट दाखवून आदेशाची प्रत नाकारली जाते.

इथे २४ मार्च २०१५ चा श्रेया सिंघल निकाल हाताशी ठेवा. या निकालाचं मूळ आपल्या दारातलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्यावरून देशभर वादळ उठलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिण्याला गुन्हा ठरवणारं कलम, पूर्ण रद्द केलं. ६९ अ कायम ठेवलं, पण रोखण्याची कारणं लेखी नोंदवली पाहिजेत म्हणजे त्यांना रिट याचिकेत (हक्कांसाठी थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात करायच्या अर्जात) आव्हान देता येईल, हे स्पष्ट केलं. लेखी कारणांचा आपला आग्रह याच वाक्यावर उभा आहे. ज्याचा मजकूर आहे तो माणूस सापडत असेल तर त्यालाही ऐकून घ्यायला हवं, हेही त्याच निकालात आहे. हुंड्यावर उपहास करणारी एक साइट अशीच रोखली गेली होती. तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तिच्या कर्त्याला आदेशाची प्रत आणि सुनावणी द्यायला लावली.

६६ अ रद्द झाल्यानंतरही पोलीस ते लावत राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही. कोणी अजून ६६ अ चं नाव घेतलं तर निकालाची प्रत पुढे करा.

दुसरा रस्ता त्याच कायद्याच्या कलम ७९(३)(ब) चा. यातून थेट कंपनीला 'हे बेकायदा आहे, काढा' असं कळवलं जातं आणि त्यासाठी सहयोग नावाचं सरकारी पोर्टल आहे. एक्स कंपनीने त्याला आव्हान दिलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ती याचिका फेटाळली. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये माहिती तंत्रज्ञानाचे २०२१ चे नियम बदलले. आता असं पत्र ठरावीक वरिष्ठ दर्जाचाच अधिकारी पाठवू शकतो. पोलिसांच्या बाबतीत तो उपमहानिरीक्षकापेक्षा खालचा चालत नाही. पत्रात कायद्याचा आधार, कलम आणि नेमकी लिंक द्यावी लागते. माझ्या मते हे पुरेसं नाही, कारण ज्याचा मजकूर जातो त्याला अजूनही कोणी विचारत नाही. पण तीन प्रश्न विचारायला यातून जागा मिळते, ती वापरा.

## ४. कंपनीकडे तक्रार, मग अपील

प्रत्येक मोठ्या समाजमाध्यमाला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. ॲपमधलं 'पुन्हा तपासा' बटण दाबून थांबू नका. तक्रार अधिकाऱ्याच्या पत्त्यावर वेगळा ईमेल करा. २४ तासांत पोच आणि साधारणपणे ७ दिवसांत निर्णय द्यावा, असं २०२१ चे नियम सांगतात (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत १५ दिवसांची होती). ईमेल छोटा ठेवा: लिंक, काढल्याची तारीख, ते तीन प्रश्न, आणि 'आदेशाची प्रत द्या' ही मागणी. राग लिहायला दुसरी जागा आहे.

उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. अशा तीन समित्या जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या गेल्या आणि काम पूर्ण ऑनलाइन चालतं. समिती केंद्र सरकारने नेमलेली आहे, त्यामुळे सरकारी आदेशावरून गेलेल्या मजकुरासाठी तिच्याकडून फार आशा धरू नका. कंपनीच्या यंत्रणेने चुकून उडवलेल्या गोष्टी मात्र परत मिळू शकतात.

## ५. माहितीचा अधिकार

इथे नवी माणसं सर्वात जास्त अडखळतात, म्हणून सविस्तर सांगते.

केंद्राचा अर्ज आणि राज्याचा अर्ज यांचे नियम वेगळे आहेत. साइट रोखण्याबद्दल विचारायचं तर केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे, केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर. फी १० रुपये, मर्यादा ५०० शब्द. मुंबई पोलिसांनी कंपनीला काही पत्र पाठवलं का, हे विचारायचं तर राज्याच्या पोर्टलवर किंवा कागदावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांचा आणि एकाच विषयाचा लागतो. दोन विषय घातले की अर्ज परत येतो आणि महिना वाया जातो. तीन गोष्टी विचारायच्या असतील तर तीन अर्ज करा.

'का रोखलं?' असा प्रश्न विचारू नका. जन माहिती अधिकारी मत द्यायला बांधील नाही, असं उत्तर येतं. कागद मागा: 'अमुक लिंकबाबत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पाठवलेल्या पत्रांच्या प्रती', 'समितीच्या बैठकीचं इतिवृत्त', 'पुनर्विलोकन समितीच्या बैठकांच्या तारखा'. रोखण्याचे आदेश पुन्हा तपासणारी ही पुनर्विलोकन समिती दोन महिन्यांतून एकदा तरी बसली पाहिजे असं नियम सांगतात. ती बसली का, एवढं विचारणं हीसुद्धा मोहीमच आहे.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. राज्यात त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो, केंद्रात फी नाही. अपिलात दोन मुद्दे हमखास लिहा. कलम १० प्रमाणे गोपनीय भाग झाकून उरलेला कागद देता येतो. आणि कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्याची आहे. त्यानंतर ९० दिवसांत द्वितीय अपील. आयोगाकडे तारीख मिळायला फार वेळ लागतो, तरी करा. नकाराचा कागदही पुढे कोर्टात कामाला येतो.

मुंबईकरांच्या हाती आणखी एक गोष्ट आहे. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये, कोल्हापुरात जून २०२३ मध्ये, बीड-जालन्यात २०२३ च्या मराठा आंदोलनात इंटरनेट बंद झालं. असे आदेश राज्याच्या गृह विभागातून निघतात आणि तो मंत्रालयात आहे. नेट बंद असलेल्या गावातला माणूस ऑनलाइन अर्ज करू शकत नाही, आपण करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सांगितलंय की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि अमर्याद काळ नेट बंद ठेवता येत नाही. आदेशाची प्रत मागा, ती त्या जिल्ह्यातल्या पत्रकारांना पाठवा.

## ६. पोलिसांचा फोन आला तर

'पोस्ट काढून टाका, नाहीतर ठाण्यात यावं लागेल.' असा फोन आला की घरची मंडळी घाबरतात आणि पोस्ट काढली जाते. काढायची की नाही हा निर्णय सर्वस्वी तुमचा, त्याबद्दल कोणी तुम्हाला कमी लेखू नये. पण निर्णय घेण्याआधी नम्रपणे म्हणा: 'साहेब, लेखी नोटीस पाठवा, मी उत्तर देतो.' फोनवरचं सांगणं हा आदेश नव्हे.

नोटीस आली तर कलम वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस ही पूर्वीची '१४९ ची नोटीस'. ती प्रतिबंधात्मक ताकीद असते, गुन्हा दाखल झाल्याचा अर्थ तिला नाही. कलम ३५(३) ची नोटीस मात्र गुन्ह्याच्या तपासातली आहे. तिला हजर राहावंच लागतं, वकिलाशी बोलून जा. कलम १७९ खाली साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर स्त्रीला, १५ वर्षांखालच्या मुलाला आणि ६० वर्षांवरच्या पुरुषाला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो.

फोन जप्त करत असतील तर पंचनाम्याची प्रत मागा. झडती-जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ प्रमाणे व्हायला हवं. पासवर्ड द्यायचा की नाही हे वकिलाशी बोलल्याशिवाय ठरवू नका. आणि घाबरून चॅट डिलीट करू नका, पुरावा नष्ट केल्याचं नवीन बालंट येतं.

२८ मार्च २०२५ चा इम्रान प्रतापगढी निकाल छापून जवळ ठेवा. एका कवितेवरून खासदारावर दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. बोलण्या-लिहिण्यावरून ३ ते ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर पोलिसांनी आधी कलम १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करणं योग्य, असं त्यात म्हटलं आहे. शब्द कसे तोलायचे याचा निकषही दिला आहे: खंबीर मनाच्या, समंजस माणसाला काय वाटेल ते पाहा, ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो त्याच्या नजरेने पाहू नका. ठाणे अंमलदाराशी वाद घालायची गरज नाही. तुमच्या लेखी उत्तराला प्रत जोडा आणि उत्तराच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

## ७. लोकांसमोर जाताना

मुंबईत पाच किंवा अधिक लोकांच्या जमावावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वरचेवर मनाई आदेश लागू असतो. हुतात्मा चौकात फलक घेऊन उभं राहायचं ठरवाल आणि गाडीत बसवून नेतील. आंदोलनाची जागा आझाद मैदान. अर्ज आझाद मैदान पोलीस ठाण्यात, वेळ हाताशी ठेवून द्या. त्यात विषय, वेळ, अंदाजे संख्या, जबाबदार व्यक्तीचं नाव आणि ध्वनिक्षेपक हवा का ते लिहा. परवानगीच्या अटी वाचा. मोर्चा मंत्रालयापर्यंत जाईल असं गृहीत धरू नका.

माझं मत विचाराल तर पहिलं पाऊल मैदानावर टाकू नका. मैदानाशेजारच्या मुंबई मराठी पत्रकार संघात पत्रकार परिषद घ्या. एक पानी मराठी निवेदन, सोबत नकाराचे कागद. 'अभिव्यक्तीवर घाला' हे शब्द वाचून वाचून पत्रकार कंटाळले आहेत. 'अमुक तारखेला मागितलेल्या आदेशाची प्रत अमुक मंत्रालयाने नाकारली, हे पत्र' असं दाखवलं की बातमी होते.

## ८. कोर्ट

कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका. या न्यायालयाने या विषयात ठाम भूमिका घेतलेली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये द लीफलेट ही वेबसाइट आणि पत्रकार निखिल वागळे यांच्या याचिकांवर २०२१ च्या त्याच नियमांतले डिजिटल माध्यमांच्या आचारसंहितेचे नियम ९(१) आणि ९(३) स्थगित केले. सरकारबद्दलची माहिती खोटी आहे की नाही हे सरकारचाच कक्ष ठरवेल, अशी २०२३ ची दुरुस्ती आली. तिला विनोदकार कुणाल कामरा, संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड आणि इतरांनी इथेच आव्हान दिलं. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, आणि २० सप्टेंबर २०२४ ला तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

वकिलाकडे जाताना पहिल्या पाच पायऱ्यांची फाइल तारीखवार लावून न्या. 'आधी कुठे दाद मागितली?' हा प्रश्न कोर्ट विचारतंच. पैशाची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा क्रमांक त्यासाठीच आहे. धोरणाविरुद्धच्या लढ्यासाठी दिल्लीच्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनला लिहा, आरटीआय आणि कोर्ट दोन्हींचा त्यांना अनुभव आहे.

## ९. कोणाची बाजू घ्यायची ते आधी ठरवा

गट सुरू करताना पहिल्याच बैठकीत यावर बोला. आपल्याला न पटणाऱ्या पक्षाच्या, विरुद्ध विचारांच्या माणसाची साइट रोखली गेली तर आपण उभे राहणार का? मी म्हणते राहिलंच पाहिजे. गट तुटतात ते याच प्रश्नावर, म्हणून उत्तर लिहून ठेवा. त्याचबरोबर मर्यादाही लिहा: हिंसेची चिथावणी, कोणाचा खासगी पत्ता किंवा फोटो उघड करणं, मुलांचं शोषण, यांचा बचाव आपण करत नाही. आणि गटाच्या पेजवर टाकायचं प्रत्येक विधान कागदाने सिद्ध होणारं हवं. फौजदारी बदनामी अजून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे.

## १०. मसुदा आला की हरकती पाठवा

नियम झाल्यावर कोर्टात जाण्यापेक्षा मसुदा असतानाच गाठणं स्वस्त पडतं. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या साइटना सारखी वागणूक मिळावी म्हणून, दहा लाखांहून जास्त ईमेल ट्राय या दूरसंचार नियामकाकडे गेले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने भेदभाव करणाऱ्या दरांवर बंदी घातली. प्रसारण सेवा विधेयकाचा वाढवलेला मसुदा २०२४ मध्ये निवडक लोकांनाच दाखवला गेला होता. बोभाटा झाला आणि ऑगस्टमध्ये सरकारला मागे यावं लागलं. राज्याच्या जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या आणि मसुद्यात काही बदल झाले. विधेयक जुलै २०२५ मध्ये संमत झालंच, पण त्या हरकती आज नोंदीवर आहेत.

एकच साचेबंद पत्र शंभर जणांनी पाठवू नका, ते एकत्र गुंडाळलं जातं. प्रत्येकाने एक कलम घ्यावं, ते आपल्या कामाला कसं लागेल ते चार ओळींत लिहावं: शिक्षिकेने शाळेच्या गटाबद्दल, बातमीदाराने आपल्या चॅनेलबद्दल, रिक्षा युनियनवाल्याने संपाच्या पोस्टबद्दल. मराठीत लिहा. मसुदा फक्त इंग्रजीत आणि मुदत अपुरी असेल तर मराठी भाषांतर आणि मुदतवाढ मागणारं पत्र पहिल्याच आठवड्यात द्या. विधेयक राज्याचं असेल तर आमदाराला अधिवेशनाआधी मतदारसंघात गाठा. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत होतं, हिवाळी नागपूरला. निवेदन दोन प्रतींत न्या, एकीवर तारखेसह सही-शिक्का घ्या, आणि ती फाइलला लावा.